सोवळ्यात ठरवलेल्या किमती

सर्व कर्मांचा साक्षी असलेल्या, आणि ज्याच्यापुढे 'मला ठाऊक नव्हते' हे उत्तर पुरत नाही, त्या श्रीनारायणाला प्रथम वंदन करतो. आज पौष वद्य नवमी, माझ्या एकुलत्या एक मुलाची तिसरी तिथी. पुत्राचे श्राद्ध पित्याने करावे हा प्रसंग शास्त्राने अगदी नाइलाजाने मान्य केला आहे. तो माझ्या वाट्याला आला. विधी दुपारी आटोपला. चार वाजता ठाण्याहून एक गृहस्थ येणार आहेत आणि मुलाच्या संग्रहातले संगणकाचे एक कार्ड घेऊन जाणार आहेत. ते येण्यापूर्वी मला हे लिहून पुरे करायचे आहे, कारण ते कार्ड मुळात दुसऱ्या एका माणसासाठी ठेवलेले होते आणि माझ्या हातून ते त्याला मिळाले नाही.

मी आयुष्यभर डोंबिवलीतल्या एका शाळेत संस्कृत शिकवले. मुलगा मात्र यंत्रांकडे वळला. त्याचे काम जुन्या संगणकांचे होते. नवे संगणक दुरुस्त करणारे रस्तोरस्ती आहेत. पण पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचे यंत्र, ज्याच्यावर एखाद्या कारखान्यातले कापण्याचे किंवा कोरण्याचे मशीन अजून चालते, ते बंद पडले की माणसे त्याला शोधत येत. बंद झालेल्या कारखान्यांतून, बँकांच्या भंगारातून तो सुटे भाग निवडून आणी. जाडजूड कीबोर्ड, फ्लॉपीचे ड्राइव्ह, मेमरीच्या पट्ट्या, तळहाताएवढी हिरवी कार्डे. आमच्या मागच्या खोलीत लोखंडी कपाटे होती आणि त्यांत प्रत्येक भाग राखाडी, चकचकीत पिशवीत घालून ठेवलेला असे. पिशवीत एक चिठ्ठी. चिठ्ठीवर त्याच्या बारीक, सरळ अक्षरात एकच शब्द असे, 'तपासले', आणि खाली तारीख.

त्या शब्दाचा अर्थ त्याने मला आजारपणात समजावून सांगितला. मूत्रपिंडे गेली होती. आठ महिने तो अंथरुणावर होता आणि त्या आठ महिन्यांत त्याने मला आपला सगळा व्यवहार वहीत उतरवून घ्यायला लावला. मी पलंगाशेजारी पाटावर बसून लिहून घेत असे, जसे कधी काळी माझ्या गुरुजींपुढे बसून घेतले होते.

"बाबा, तपासले म्हणजे नुसतं पुसून ठेवलं नाही," तो म्हणाला. "यंत्रात बसवून चार तास चालवलं, गरम होऊ दिलं, थंड झाल्यावर परत चालवलं. मग लिहिलं. ज्याच्यावर हा शब्द नाही, ते भंगाराच्या भावात द्यायचं, हसून द्यायचं, आणि सांगून द्यायचं."

"आणि ज्याच्यावर आहे ते?"

"ते मला किती पैशांना पडलं ते लिहिलंय. त्यात माझ्या वेळाचे पैसे घाला. दहांतले दोन भाग कपाटातच मरतात, त्याचा वाटा घाला. झाली किंमत."

"बाजारात जास्त मिळत असेल तर?"

 यावर त्याने जे सांगितले ते मी शब्दशः उतरवले आहे: ज्याचे पोट त्या भागावर आहे त्याला आपली किंमत, ज्याला तो काचेच्या कपाटात ठेवायचा आहे त्याला बाजाराची किंमत. माजिवड्याला एका उंच इमारतीत राहणारे एक हौशी गृहस्थ होते; जुने प्रोसेसर जमवत. त्यांच्याकडून तो पुरेपूर पैसे घेई आणि तेही आनंदाने देत. पण एखादा कारखानदार घाबऱ्या चेहऱ्याने आला, तर मुलगा वही उघडून मूळ खर्च त्याला दाखवी. अडलेल्या माणसाकडून जास्त घेणे त्याला चोरी वाटे. मी न्याय आणि मीमांसा थोड्याफार वाचल्या आहेत. पण मूल्य आणि गरज यांच्यातला भेद इतक्या कमी शब्दांत मला कोणी सांगितला नव्हता.

तो गेला, आणि वर्षभर मी त्या खोलीचे दार उघडले नाही.

पहिल्या वर्षश्राद्धानंतर मात्र मनाशी ठरवले की हे काम पुढे चालवायचे. पैशांची निकड नव्हती. निवृत्तिवेतनात आम्हा दोघांचे भागते. पण माणसांचे फोन येत होते. आणि ती वही माझ्याकडे होती.

आता माझ्या चुकीकडे येतो.

मी असा विचार केला की किंमत ठरवणे हे सत्य बोलण्याचे काम आहे. ते पारोशाने, घाईत, कसेही करू नये. म्हणून सकाळी स्नान, संध्या, देवपूजा झाली की मी त्याच वस्त्रांत मागच्या खोलीत जाऊ लागलो. रेशमी मुकटा नेसलेला, थंडी म्हणून वर लोकरीची धाबळी, बसायला लोकरीचे आसन. एकेक पिशवी उघडायची, आतला भाग बाहेर काढायचा, डोळे भरून पाहायचा, जुन्या रेशमी उपरण्याच्या तुकड्याने हळुवार पुसायचा, वहीतला खर्च काढून चिठ्ठीच्या मागे किंमत लिहायची आणि भाग पुन्हा पिशवीत ठेवायचा. रोज दहा-बारा भाग. त्या हिवाळ्यात कोरडे वारे सुटले होते. धाबळी खांद्यावरून काढताना अंगावर चटचट आवाज होई आणि हाताचे केस उभे राहत. लहानपणापासून ते अनुभवले होते. त्यात काही वेगळे वाटले नाही. उलट त्या खोलीत मला बरे वाटे. मुलाने हाताळलेली वस्तू मी शुद्ध हातांनी हाताळतो आहे, एवढेच समाधान होते, आणि ते पुष्कळ होते.

खिडकीजवळच्या खिळ्याला त्याचा मनगटाचा एक पट्टा अडकवलेला होता. काम करताना तो हा पट्टा हाताला बांधी आणि त्याची तार खिडकीच्या गजाला अडकवी. एकदा मी विचारले होते, हे काय? तो हसून म्हणाला होता, "बाबा, हे माझं जानवं. हे घातल्याशिवाय मी कशाला हात लावत नाही." मला त्या उत्तराचे फार कौतुक वाटले. मी ते पाहुण्यांना सांगत असे. त्या पट्ट्याचे काम काय, हे मात्र मी कधी विचारले नाही.

आणखी एक गोष्ट त्याने सांगितली होती. कधी पूजा आटोपून मी तसाच त्याच्या खोलीच्या दारात उभा राहिलो, की तो म्हणे, "बाबा, सोवळ्यात इथे येऊ नका." माझी समजूत अशी की भंगारातले सामान, नाना हातांतून आलेले, त्याचा स्पर्श मला होऊ नये म्हणून तो मला जपतो आहे. मुलाच्या मनात आपल्या आचाराविषयी एवढा आदर आहे, या विचाराने मी सुखावत असे.

माघ महिन्यात कल्याणहून एक गृहस्थ आले. पन्नाशीचे, बोटांच्या पेरांत पितळेची काळपट पूड बसलेली. ते आणि त्यांची पत्नी मिळून पितळी पाट्या कोरण्याचे काम करीत. दारावरच्या नावांच्या, देवळांतल्या देणगीदारांच्या. त्यांचे कोरण्याचे मशीन एका जुन्या संगणकावर चाले आणि त्या संगणकात एक विशिष्ट कार्ड लागे. ते कार्ड बाजारात मिळत नाही. मुलाने एका बंद कारखान्यातून त्याची जोडी आणून ठेवली होती.

"गुरुजी, नमस्कार," ते दारातूनच म्हणाले. "तुमच्या मुलाने माझं मशीन दोनदा उभं केलंय. तिसऱ्यांदा बसलं आणि तो नाही. काय म्हणायचं आता?"

मी त्यांना बसवले. पहिले कार्ड कपाटात होते. काही दिवसांपूर्वीच मी ते पुसून, किंमत लिहून ठेवले होते. अठराशे रुपये. त्यांनी चिठ्ठी उलटसुलट पाहिली.

"गुरुजी, याच कार्डाला एक व्यापारी फोनवर सात हजार सांगतो. तेही न तपासलेलं."

"मलाही त्याचा फोन आला होता. दोन्ही कार्डे मागत होता."

"मग मला अठराशेला का?"

"वहीत तसे लिहिले आहे म्हणून."

ते मोठ्याने हसले. "गुरुजी, तुम्ही धंद्यात बुडणार बघा!"

"बुडण्याइतकं पाणीच नाही आमच्या धंद्यात," ही स्वयंपाकघरातून म्हणाली, आणि चहा घेऊन बाहेर आली.

जाताना त्यांनी सांगितले की एका देवळाच्या सभामंडपाचे काम मिळाले आहे. एकशे आठ पाट्या. चैत्रात उद्घाटन. इतके मोठे काम त्यांना पूर्वी कधी मिळाले नव्हते. ते वेळेवर दिले तर पुढची दोन-तीन देवळे हातात येणार होती. नाही दिले तर भाड्याचे दुकान टिकणार नव्हते. हे त्यांनी फार सहज, चप्पल घालता घालता सांगितले. मी त्यांना आशीर्वाद दिला. त्या दिवशी सायंसंध्येला बसलो तेव्हा मनात एक प्रकारचा प्रकाश होता. सात हजारांचा मोह आपण बाजूला सारला, असे मी स्वतःला सांगत होतो. आज त्या प्रकाशाची मला लाज वाटते.

बारा-तेरा दिवसांनी ते पुन्हा आले. या वेळी बसले नाहीत.

"गुरुजी, राग मानू नका. मशीन उठत नाही. हे कार्ड एकदा दुसऱ्या संगणकावर लावून बघता येईल का कुणाकडून?"

"कार्ड तपासलेले आहे," मी म्हणालो.

"हो, चिठ्ठी आहे ना. पण मध्ये वर्ष गेलं, म्हणून..."

"वर्ष गेले म्हणून अक्षर बदलते का?"

हे वाक्य मी उच्चारले. आवाज चढवला नव्हता. शाळेत उत्तर चुकलेल्या मुलाकडे पाहावे तसे त्यांच्याकडे पाहिले मात्र होते. त्यांनी लगेच हात जोडले.

"नाही नाही, तसं नाही. त्याच्या कामावर शंका घेईन का मी? मशीनच असेल. तेही म्हातारं झालंय, माझ्यासारखं."

ते जिना उतरून गेले. ही दाराशीच उभी होती.

"अहो, एकदा बघायचं होतं," ती म्हणाली. "चेहरा बघितलात का त्यांचा?"

मी उत्तर दिले की मुलाच्या शब्दाची परीक्षा घेण्याचा मला अधिकार नाही.  परीक्षा मुलाच्या शब्दाची नव्हतीच, माझ्या हातांची होती. पण हे कळायला मला आणखी दहा महिने लागले.

मार्गशीर्षात मुलाचा एक मित्र आला. खोपटला बस आगाराच्या मागे त्याचे दुरुस्तीचे छोटे दुकान आहे. त्याने आदल्या आठवड्यात माझ्याकडून मेमरीच्या बारा पट्ट्या नेल्या होत्या. तो सकाळीच, न कळवता आला. हिने दार उघडले आणि तो थेट मागच्या खोलीकडे आला. मी नेहमीप्रमाणे आसनावर बसलो होतो, मांडीवर उघडे कार्ड, हातात रेशमी तुकडा.

तो दारातच थबकला.

"काका, हलू नका."

"का रे? काय झाले?"

"हातातलं आधी खाली ठेवा. लाकडावर. हं." मग तो भिंतीला टेकून खाली बसला आणि कपाळाला हात लावला. "बारांतल्या नऊ मेल्यात काका. मी विचार करतोय, त्याच्याकडून असं कसं होईल. रात्रंदिवस तपासायचा तो."

"त्याच्या चिठ्ठ्या आहेत प्रत्येकात."

"चिठ्ठ्या खऱ्याच आहेत. काका, ही धाबळी काढताना चटचट होतं की नाही?"

"होते. थंडीत होतेच."

"ती चटचट तुम्हाला मुंगी चावल्यासारखी. या चिपला आकाशातली वीज पडल्यासारखी. वरून काही दिसत नाही. डाग नाही, वास नाही. आत मरते ती." तो उठून खिडकीशी गेला आणि खिळ्यावरचा पट्टा हातात घेतला. "हा कशाला असतो असं वाटलं तुम्हाला? अंगातली वीज जमिनीत जावी म्हणून. आणि तुम्ही रेशीम नेसून, लोकरीवर बसून, वर परत रेशमानं पुसताय! अहो, मुद्दाम मारायचं म्हटलं तरी कुणाला इतकं पद्धतशीर सुचणार नाही."

मग आपण कोणाशी बोलतो आहोत हे आठवून तो ओशाळला. "चुकलं काका. बोलून गेलो."

"नाही," मी म्हणालो. "बोल."

 पण पुढे बोलली ती ही, दारातून, अगदी हलक्या आवाजात. "त्याने सांगितलं होतं तुम्हाला. सोवळ्यात इथे येऊ नका म्हणून. मी स्वतः ऐकलंय."

मला प्रथम आठवली ती पितळेची पूड बसलेली बोटे. मी वही उघडली. कार्डांच्या जोडीचे पान मी किंमत काढण्यापुरतेच वाचले होते. पानाच्या तळाशी, माझ्याच हातची, त्याने सांगितलेली ओळ होती: 'दुसरे कार्ड पत्र्याच्या डब्यात, चिकटपट्टी लावून. पहिल्याला काही झाले तर कल्याणच्या पाट्यांवाल्यांनाच द्यावे.' लिहून घेताना मी फक्त अक्षरे लिहिली होती. ज्या दिवशी ते दारात हात जोडून उभे होते, त्या दिवशी हा डबा माझ्या आसनापासून दोन हातांवर होता.

चिकटपट्टी तशीच होती. त्यामुळे ते कार्ड माझ्या हातांतून वाचले होते. मित्राने पट्टा बांधला, पिशवी उघडली, मुलाच्याच जुन्या संगणकात ते बसवले. थोड्या वेळाने पडद्यावर ओळी उमटल्या. "जिवंत आहे," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सुती धोतर नेसून, कार्ड आणि अठराशे रुपये घेऊन मी रिक्षाने कल्याणला गेलो. वाटेत मी वाक्ये जुळवीत होतो. क्षमा कशी मागावी, आधी कार्ड द्यावे की पैसे. गाळा सापडला. त्यात आता मोबाइलची कव्हरे लटकत होती. तिथल्या मुलीने बोट दाखवले, तिकडे चार दुकाने सोडून फ्लेक्स छापण्याचे दुकान होते. कोण्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या भल्यामोठ्या फलकावर गुडघे टेकून ते कडेच्या कड्या ठोकत होते.

मला पाहून उठले. "गुरुजी! तुम्ही इथे कसे?"

"तुमचे मशीन?" मी विचारले. जुळवलेले एकही वाक्य आठवले नाही.

"गेलं ना. दिवाळीच्या आधी. वजनावर दिलं."

"वजनावर?"

"हो. पोलाद चांगलं आहे म्हणाला तो. तेवढंच कौतुक झालं त्याचं." ते हसले आणि मालकाकडे पाहून मला जरा बाजूला घेऊन आले.

मी सगळे सांगितले. मुकटा, धाबळी, उपरण्याचा तुकडा. रस्त्यावर, लोक जात-येत असताना, एका पाट्या कोरणाऱ्या माणसापुढे मी माझ्या सोवळ्याचे वर्णन करीत होतो. त्यांनी मध्ये एकदाही तोडले नाही. शेवटी म्हणाले, "मी मोटार बदलली, गुरुजी. मग ड्राइव्ह बदलला. कारागीर आणला ठाण्याहून, त्याने आठ दिवस घेतले. बायको म्हणत होती, आधी कार्ड बघा, कार्ड बघा. मीच तिला ओरडलो. म्हटलं, ते तपासलेलं आहे."



"पाट्या?" मी विचारले.

"दुसऱ्याने केल्या. परवा बघून आलो. अक्षर जरा उथळ आहे, पण ठीक आहे." मग माझ्या हातातल्या पाकिटाकडे पाहत म्हणाले, "हे काय?"

"तुमचे अठराशे. आणि दुसरे कार्ड. हे चालते. हे तुमच्यासाठीच ठेवलेले होते."

त्यांनी कार्डाची पिशवी हातात घेतली, उजेडात धरून चिठ्ठी वाचली आणि मला परत दिली. "हे घेऊन मी काय करू आता? कुणाला तरी लागेल, त्याला द्या." पैशांचे पाकीट मात्र खिशात ठेवले. "देताय तर घेतो, गुरुजी. नको म्हणण्याइतका मोठा नाही राहिलो मी आता."

मी वळलो तेव्हा त्यांनी पुन्हा हाक मारली. आपल्या पाकिटातून त्यांनी एक घडी घातलेला कागद काढला. पहिल्या कार्डाची चिठ्ठी होती ती. "गाळा रिकामा करताना टाकवली नाही. त्याचं अक्षर आहे. तुमच्याकडे असू द्या." आणि मग, आत जाता जाता, राग नसलेल्या आवाजात, "त्या दिवशी एकदा बघू म्हणाला असतात, तर फार बरं झालं असतं."

ती चिठ्ठी आणि कार्ड घेऊन मी परत आलो. 

पुढचे वर्षभर मुलाचा मित्र दर रविवारी येत राहिला. एकेक भाग त्याने पट्टा बांधून तपासला. जे मेले होते त्यांच्या चिठ्ठ्यांचे काय करायचे हा प्रश्न आला. तो म्हणाला, फाडून टाका. माझ्याने ते झाले नाही, आणि न फाडता ठेवणे म्हणजे खोटे बोलणे होते. शेवटी प्रत्येक चिठ्ठीवर, मुलाच्या 'तपासले' या शब्दाखाली, मी माझ्या अक्षरात लिहिले: 'नंतर वडिलांनी हाताळले. निकामी.' कपाटातल्या निम्म्याहून अधिक पिशव्या अशा निघाल्या. मुलाचा शब्द खोटा नव्हता, हे तरी त्यातून कळावे. भंगारवाला न्यायला आला तेव्हा हिने विचारले, चिठ्ठ्या काढून घेऊ का? मी म्हणालो, राहू दे. ज्याच्या हातात जाईल त्याला ठाऊक असावे.

ज्यांना मी त्या दहा महिन्यांत भाग विकले होते, त्यांची नावे वहीत होती. सर्वांना फोन केले. काहींनी हसून सोडले, एकाने फार कठोर शब्द वापरले. मी ते ऐकून घेतले. माजिवड्याचे हौशी गृहस्थ म्हणाले, काचेच्या कपाटात जिवंत काय आणि मेलेले काय, सारखेच दिसते. त्यांनाही पैसे परत पाठवले. बाजाराची किंमत जिवंत भागाची होती.

राहिले ते हे कार्ड. कल्याणहून आणल्यापासून पत्र्याच्या डब्यात आहे. ज्या गृहस्थांना आज ते हवे आहे, त्यांचे ठाण्यात काच कापण्याचे मशीन आहे आणि तेही आठ दिवसांपासून बंद आहे. किती घ्यावे याचा विचार मी बरेच दिवस केला. फुकट देऊन टाकावे असेही वाटले. पण माझ्या अपराधाची सूट दुसऱ्याला दिल्याने पहिल्याचे काही भरून येत नाही. आणि फुकट दिलेल्या वस्तूविषयी घेणारा प्रश्न विचारायला संकोचतो. त्याने प्रश्न विचारावेत असे मला वाटते. म्हणून वहीतलीच किंमत, अठराशे. मुलाचा मित्र संगणक घेऊन येतो आहे. गृहस्थांच्या डोळ्यांदेखत कार्ड बसवले जाईल, चार तास चालेल, थंड होईल, पुन्हा चालेल. चालले तर विकायचे. न चालले तर चहा देऊन, खरे सांगून त्यांना परत पाठवायचे. उद्या त्यांचे मशीन उठले नाही आणि ते दारात आले, तर पहिला संशय कार्डावर घ्यायचा, हेही मी वहीत लिहून ठेवले आहे.

श्राद्ध सोवळ्यात केले. मग मुकटा सोडला, हातपाय धुतले, सुती धोतर नेसलो. पट्टा खिळ्यावरून काढून मनगटाला बांधला आहे आणि तार खिडकीच्या गजाला लावली आहे. लिहिताना ती कागदावर घासते. परत आणलेली ती चिठ्ठी देवघरात ठेवावी असे एकदा मनात आले होते. मग वहीच्या त्या पानात ठेवली. देवघरात ठेवली असती तर मी पुन्हा तिला नुसता नमस्कार केला असता.

जिन्यावर पावले वाजत आहेत. वाचणाऱ्या, तुझे आणि तुझ्या घरच्यांचे त्या साक्षी नारायणाने रक्षण करावे. तुझ्या घरातल्या धाकट्यांनी काही सांगितले तर 'का' असे विचारण्याची नम्रता थोरांना मिळो. दारात कोणी संकोचाने शंका घेऊन उभा राहिला तर त्याला आत बोलावण्याची बुद्धी तुम्हा सर्वांना होवो. आणि तुमच्या हातून गेलेली वस्तू, घेणाऱ्याच्या घरी, दिलेल्या शब्दाप्रमाणे चालत राहो.